ऊर्जा पुरते, तरी दगड वर का पोचत नाही?

‘मॅडम, नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळेत होते, तेव्हा फिजिक्स आवडायचं. आता पहिल्याच धड्यातल्या व्हर्टिकल सर्कलने झोप उडवली आहे. गणित असं होतं: 200 ग्रॅमचा दगड 90 सेंटीमीटर दोरीला बांधून उभ्या वर्तुळात फिरवला. फेरी पूर्ण व्हायला तळाशी कमीत कमी किती चाल हवी? आमचे सर म्हणतात, “एनर्जी कन्झर्व्हेशन लावा, सुटतं.” मी लावलं. तळाची गतिज ऊर्जा बरोबर वरच्या टोकाची स्थितिज ऊर्जा असं मांडलं. उत्तर आलं सेकंदाला 6 मीटर. पुस्तकात आहे 6.7. पुन्हा पुन्हा तपासलं, आकडेमोडीत चूक सापडत नाही. दादा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, “रूट फाइव्ह जीआर (5 गुणिले जी गुणिले त्रिज्या, त्याचं वर्गमूळ) पाठ कर आणि पुढे चल, सीईटीत विचार करायला वेळ नसतो.” पण ऊर्जेचा नियम खरा असेल तर माझं उत्तर चूक कसं? एनर्जी कधी लावायची आणि फोर्स कधी, हेच कळत नाही. पाठ करून टाकू का?
बारावीतली एक मुलगी, सक्करदरा, नागपूर’

बेटा,

ऊर्जेचा नियम खरा असेल तर माझं उत्तर चूक कसं, हा तुझा प्रश्न वर्गात फार थोडी मुलं विचारतात. उत्तर जुळलं नाही की बाकीची मागचं पान उघडतात, सूत्र बघतात आणि लिहून मोकळी होतात. तू अडून बसलीस, फार चांगलं केलंस. या एका प्रश्नाचा छडा लागला तर उभ्या वर्तुळाची निम्मी-अधिक गणितं त्याच्याच पोटात सापडतात. म्हणून आज घाई करायची नाही. वही-पेन घेऊन बस.

आधी आकडे सोपे करून घेऊ. जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, 10 धरू. ऊर्जेच्या समीकरणातून वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून जातं आणि हातात एवढंच उरतं: दगड एक मीटर वर चढला की त्याच्या चालीचा वर्ग 20 ने घटतो, एक मीटर खाली आला की 20 ने वाढतो. चढ सरळ असो की वळणाचा, हिशेब तोच. तुझ्या गणितात तळापासून वरच्या टोकापर्यंतचा चढ 1.8 मीटर आहे, म्हणजे वर्गात घट 36. तू तळाशी 6 ची चाल दिलीस, तिचा वर्ग 36, आणि वर पोचेपर्यंत शिल्लक शून्य. आकडेमोड शंभर टक्के बरोबर आहे. फक्त ते उत्तर दुसऱ्या एका प्रश्नाचं आहे. दगड दोरीऐवजी हलक्या, कडक दांड्याच्या टोकाला बसवला असता, तर 6 च्या जराशी वर चाल देऊन फेरी पूर्ण झाली असती.

दोरी आणि दांडा यांत फरक काय, तर दांडा ओढतो आणि ढकलतोही. दोरीला ढकलता येत नाही. ही गोष्ट शेंबड्या पोराला माहीत असते, पण तुझ्या समीकरणाला माहीत नव्हती. का नव्हती ते बघ, कारण सगळी गुरुकिल्ली तिथेच आहे.

दोरीचा ताण नेहमी केंद्राकडे असतो आणि दगड नेहमी स्पर्शिकेच्या दिशेने जात असतो. दोघांमध्ये कायम काटकोन. बल आणि हालचाल काटकोनात असली की त्या बलाने केलेलं कार्य शून्य. म्हणून ऊर्जेच्या हिशेबात ताणाचं नावच येत नाही. दांड्याचं बलही असंच त्रिज्येच्या रेषेत असतं, गुळगुळीत रुळाचं बलही, गुळगुळीत घुमटाचंही. म्हणूनच ऊर्जेचा मार्ग इतका सोपा वाटतो: वाटेत दर क्षणी बदलणारं ते अनोळखी बल आपल्याला विचारातच घ्यावं लागत नाही. पण जे बल हिशेबात येतच नाही, ते पुरतं की नाही, हे तो हिशेब कसं सांगणार? पासबुकात शिल्लक किती ते दिसतं. बँकेपर्यंत जायचा रस्ता उघडा आहे की बंद, हे पासबुक सांगत नाही. ऊर्जेने तुला सांगितलं की एवढ्या उंचीवर दगड असेल तर त्याची चाल अमुक असेल. दगड तिथे असेलच, वर्तुळावरच असेल, हे तिने सांगितलं नव्हतं. ते तू गृहीत धरलंस.

ते तपासायला दुसरं समीकरण लागतं, न्यूटनचं, त्रिज्येच्या रेषेतलं. दगड वर्तुळावर राहायला केंद्राकडे किती बल लागतं? वस्तुमान गुणिले चालीचा वर्ग, भागिले त्रिज्या. ते बल पुरवतं कोण? दोरीचा ताण, आणि वजनाचा जो भाग दोरीच्या रेषेत येतो तो.

वरच्या टोकाला जा. दगडाचं वजन 2 न्यूटन, दिशा खाली, म्हणजे नेमकी केंद्राकडे. दोरीचा ताण असलाच तर तोही खालीच. म्हणजे तिथे दगडावर केंद्राकडे निदान 2 न्यूटन बल असणारच, तुला हवं असो वा नसो. वर्तुळाला एवढं बल लागायला चाल तेवढी पाहिजे. चाल कमी असेल तर वर्तुळाला लागेल समजा 1 न्यूटन, आणि वजन तर 2 न्यूटनने ओढतंय. जास्तीचा 1 न्यूटन कोणीतरी बाहेर ढकलून भरून काढायला हवा. दांडा ते करेल, दोरी करणार नाही. म्हणून सीमेवरची स्थिती अशी: ताण शून्य आणि वर्तुळाची गरज बरोबर वजनाएवढी. 0.2 गुणिले चालीचा वर्ग भागिले 0.9 बरोबर 2. चालीचा वर्ग 9, चाल 3. आता इथे ऊर्जा बोलाव. वर 9 पाहिजेत, खाली उतरताना 36 वाढले, तळाशी 45. वर्गमूळ 6.7. पुस्तकातलं उत्तर.

आता मला आवडणारा भाग. बहुतेक ठिकाणी इथे थांबतात. पण तू खरंच 6 च्या चालीने दगड सोडलास तर त्याचं होतं काय? तो वरच्या टोकाला जाऊन थबकतो का?

चल, त्याच्या मागे जाऊ. दोरी आडवी होते तेव्हा चढ 0.9 मीटर, वर्ग 36 मधून 18 गेले, 18 राहिले. तिथे वजन दोरीच्या रेषेत अजिबात नाही, सगळी ओढ दोरीची: 0.2 गुणिले 18 भागिले 0.9, म्हणजे 4 न्यूटन. दोरी चांगली ताठ आहे. अजून वर गेलं की चाल घटते, म्हणून वर्तुळाची गरज घटते. उलट वजनाचा केंद्राकडचा भाग वाढत जातो. कुठेतरी दोन्ही सारखे होणार आणि दोरीला काम उरणार नाही. ती जागा केंद्रापासून 60 सेंटीमीटर उंचीवर येते. तपासून बघ: तळापासून चढ 1.5 मीटर, वर्ग 36 मधून 30 गेले, 6 राहिले. वर्तुळाची गरज 0.2 गुणिले 6 भागिले 0.9, म्हणजे 1.33 न्यूटन. वजनाचा दोरीच्या रेषेतला भाग 2 गुणिले 60 भागिले 90, तोही 1.33. ताण शून्य. इथून दोरी सैल पडते आणि दगड वर्तुळ सोडून, फेकलेल्या चेंडूसारख्या वक्रावर निघतो.

तो वर किती जाईल? त्या क्षणी चालीच्या वर्गाच्या 6 पैकी उभ्या दिशेच्या वाट्याला 3.33 येतात आणि आडव्या दिशेच्या वाट्याला 2.67. उभ्या वाट्यावर तो आणखी सुमारे 17 सेंटीमीटर चढतो. एकूण उंची 1.67 मीटर. वरचं टोक होतं 1.80 वर. दगड 13 सेंटीमीटर खालीच वळला.

मग ती 13 सेंटीमीटरची ऊर्जा गेली कुठे? कुठेही नाही. सर्वांत उंच बिंदूलाही दगड आडवा सरकतोय, त्या आडव्या चालीचा वर्ग 2.67 आहे, म्हणजे गतिज ऊर्जा सुमारे 0.27 ज्यूल. आणि 2 न्यूटन वजन 13.3 सेंटीमीटर उचलायला लागतात तेही 0.27 ज्यूल. पै न पै जुळली. ऊर्जा पुरेशी होती, आहे, पण तिचा एक भाग आडव्या गतीत अडकून राहिला, आणि तो भाग वर वळवून द्यायला कोणी नव्हतं. दांडा असता तर त्याने तो वळवला असता, आणि तेही एक दमडी ऊर्जा न घेता. तुझ्या ‘कसं?’चं उत्तर हे आहे. ऊर्जेचा नियम शेवटपर्यंत खरा राहिला. दगड तू धरलेल्या वाटेवर राहिला नाही.

आता दुसरं गणित काढ, तुमच्या क्लासच्या शीटमध्ये असणारच: गुळगुळीत अर्धगोलाच्या माथ्यावरून वस्तू अलगद सुटते, पृष्ठभाग कुठे सोडेल? मुलं याला वेगळा प्रकार समजून वेगळं पाठ करतात. अर्धगोलाची त्रिज्या 90 सेंटीमीटरच घे आणि वस्तू तीच 200 ग्रॅमची. 30 सेंटीमीटर खाली घसरली की चालीचा वर्ग 6. केंद्रापासूनची उंची 60. वर्तुळाची गरज 1.33, वजनाचा केंद्राकडचा भाग 1.33. पृष्ठभागाचा आधार शून्य, वस्तू सुटली.

आकडे ओळखीचे वाटले ना? तेच आहेत, आणि हा योगायोग नव्हे. तुझ्या 6 मीटरवाल्या दगडाची एकूण ऊर्जा आणि माथ्यावरून स्थिर स्थितीतून सुटलेल्या वस्तूची एकूण ऊर्जा सारखीच आहे: तळापासून मोजली तर 3.6 ज्यूल. ऊर्जा सारखी, वर्तुळ सारखं, म्हणून प्रत्येक उंचीवर चाल सारखी, म्हणून वर्तुळाची गरजही सारखी. केंद्रापासून 60 सेंटीमीटरच्या खाली वर्तुळावर राहायचं तर आत ओढणारं कोणी हवं. त्याच्या वर राहायचं तर बाहेर ढकलणारं कोणी हवं. दोरी ओढते, म्हणून ती खालून 60 पर्यंत साथ देते आणि तिथे सोडते. घुमट ढकलतो, म्हणून तो वरून 60 पर्यंत साथ देतो आणि तिथे सोडतो. दांडा दोन्ही करतो, म्हणून तो कुठेच सोडत नाही. फक्त 60 च्या उंचीला त्याचं बल ओढीतून ढकलीत बदलतं. तीन ‘प्रकार’, एकच गणित. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की पाठांतराचा प्रश्न बराचसा आपोआप मिटतो. आणि घुमटाच्या उत्तरात वस्तुमान नाही, जी नाही. त्रिज्येच्या एक तृतीयांश खाली आली की सुटली, नागपुरात काय आणि चंद्रावर काय.

तू विचारलंस, एनर्जी कधी आणि फोर्स कधी. या दोन्हींतून एक निवडायचं असतं, हा समज आधी काढून टाक. दोघी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. ‘इथे चाल किती?’ हे ऊर्जेला विचारायचं. ‘इथे ताण किती, आधार किती, दोरी सैल पडेल का, वस्तू सुटेल का?’ हे त्रिज्येच्या रेषेतल्या समीकरणाला विचारायचं. दोघींना जोडणारी गोष्ट एकच, चालीचा वर्ग. तो दोन्हीकडे आहे, म्हणून एकीकडून काढून दुसरीकडे ठेवता येतो. गणितात ‘कमीत कमी’, ‘जेमतेम’, ‘सुटते’, ‘सैल’ असे शब्द दिसले की समजायचं, ताण किंवा आधार शून्य धरून सुरुवात करायची आहे, आणि ती जिथे परिस्थिती सर्वांत नाजूक आहे तिथे. दोरीवर पूर्ण फेरी हवी असेल तर ती जागा वरचं टोक. दोरी तुटेल का असं विचारलं तर ती जागा तळ, कारण ताण तिथे सर्वांत जास्त.

या दुसऱ्या समीकरणात एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यासाठी वेगळा परिच्छेद खर्च करते. एफबीडी, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती, काढताना मुलं वजन काढतात, ताण काढतात आणि वर तिसरा बाण काढतात, ‘एमव्ही स्क्वेअर बाय आर’ नावाचा. तो बाण काढायचा नाही. अभिकेंद्री बल हे ताण आणि वजन यांच्याखेरीज कुठून आलेलं तिसरं बल नसतं; ताण आणि वजनाचा भाग मिळून केंद्राकडे जे निव्वळ बल होतं, तेच ते. समीकरणाच्या डाव्या बाजूला खरी बलं लिही, केंद्राकडची अधिक, केंद्रापासून दूरची उणे. उजव्या बाजूला एमव्ही स्क्वेअर बाय आर. तळाशी ताण उणे वजन, वर ताण अधिक वजन. एवढं वळण हाताला लावून घे. आणि मधल्या एखाद्या बिंदूवर वजनाचा जो भाग स्पर्शिकेच्या दिशेला येतो, तो चाल बदलण्याचं काम करतो. त्याला या समीकरणात जागा नाही.

तुझ्याच गणितात 6.7 च्या चालीने ताण काढून बघ. तळाशी 12 न्यूटन, दोरी आडवी असताना 6, वर 0. म्हणजे वजनाच्या सहापट, तिप्पट, शून्य. हे नवं नाही. डच शास्त्रज्ञ क्रिस्तिआन हायगेन्झ यांनी 1673 साली प्रसिद्ध केलेल्या लंबकाच्या घड्याळावरच्या ग्रंथाच्या शेवटी वर्तुळाकार गतीबद्दलची प्रमेयं दिली आहेत. त्यांत उभ्या वर्तुळात फिरणाऱ्या गोळ्याच्या दोरीला निदान सहापट वजन पेलता आलं पाहिजे, हेही आहे. न्यूटनचा मोठा ग्रंथ आला 1687 मध्ये, त्यानंतर चौदा वर्षांनी. लंबक आडवा धरून सोडला तर तळाशी दोरीवर तिप्पट ताण येतो, हेही हायगेन्झ यांच्या त्याच यादीत आहे. दोरी लांब असो की आखूड, तिप्पटच. ते तू दोन ओळींत काढू शकशील.

आता सावध राहायची जागा. ऊर्जा हरवायलाही नको आणि बाहेरून यायलाही नको, तरच हा हिशेब चालतो. रामटेकच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसली असशील. तोही उभ्या वर्तुळात फिरतो, पण त्याला मोटर आहे. चाल सगळीकडे जवळपास सारखी, आणि वर जाताना लागणारी ऊर्जा मोटर देते. तिथे तळाची गतिज ऊर्जा आणि वरची स्थितिज ऊर्जा यांची सांगड घालायला गेलीस तर सगळं चुकेल. फरक आकड्यात दिसतो: मोकळेपणी फिरणाऱ्या दगडाच्या तळाच्या आणि वरच्या ताणात वजनाच्या सहापट फरक असतो, चाल कितीही असो, फेरी पूर्ण होत असली म्हणजे झालं. आकाशपाळण्यात तुझ्या आसनाच्या आधारात फरक असतो फक्त वजनाच्या दुप्पट. उरलेली चौपट चाल बदलल्यामुळे येते, आणि पाळण्यात चाल बदलत नाही. हे दोन्ही स्वतः काढ. माझ्या मते या धड्यावरचा यापेक्षा चांगला सराव नाही.

मौत का कुआँही तसाच. मोटरसायकल आडव्या वर्तुळात फिरते, उंची बदलत नाही, चाल इंजिन राखतं. तिथे ऊर्जेला विचारण्यासारखं काही नाही. घर्षण आणि भिंतीचा आधार यांचं गणित आहे. बँकिंगचा, म्हणजे वळणावर बाहेरची कड उंच केलेला रस्ता, शंकूच्या आकारात फिरणारा लंबक, छताचा पंखा, सगळे याच घरातले. पाण्याची बादली हाताने गरगर फिरवतो तेव्हा हातही थोडा फिरतो आणि बादलीला ऊर्जा देत राहतो, म्हणून तिथेही तळाच्या चालीवरून वरची चाल काढता येत नाही. वरच्या टोकाची अट मात्र तिथेही तीच: पाणी सांडू नये म्हणून वर्तुळाची गरज निदान वजनाएवढी हवी. एकूण, गणित वाचल्यावर पहिला प्रश्न हा विचार, की फिरवणारं कोणी आहे का, की एकदा ढकलून सोडून दिलं आहे?

पाठांतराचं. दादाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून 100 प्रश्न आणि 90 मिनिटं असतात. प्रत्येक वेळी मुळापासून मांडायला खरंच वेळ नसतो. पण रूट फाइव्ह जीआर कशावर उभं आहे ते बघ: दोरी हवी, दांडा नको, चाल तळाची विचारलेली हवी, घर्षण नको, आणि ‘कमीत कमी’ हवं. यातली एक अट सरकली की पाठ केलेलं उत्तर चुकतं, आणि पेपर काढणारे नेमकी तीच अट सरकवतात. म्हणून दोरीसाठी चालीचा वर्ग जीआरच्या किती पट हवा, तर तळाशी 5, आडव्या स्थितीत 3 आणि वर 1, हे आकडे लक्षात राहू दे, हरकत नाही. फक्त ते वरच्या टोकापासून खाली मोजत ये: वर 1, प्रत्येक त्रिज्या उतरली की 2 ची भर. असं लक्षात ठेवलंस तर ते पाठांतर राहत नाही, आणि परीक्षेच्या दडपणात दोरीच्या 5 आणि दांड्याच्या 4 ची गल्लतही होणार नाही.

एक प्रयोग घरीच कर. 90 सेंटीमीटर मजबूत दोरा, टोकाला एखादा लोखंडी नट. दोऱ्याचं वरचं टोक पक्कं बांध आणि त्याच्या बरोबर खाली कोणाला तरी पेन्सिल आडवी, घट्ट धरायला सांग. दोरा ताठ ठेवून नट वरच्या गाठीच्या उंचीला, दोरा आडवा होईल असा धर आणि सोड. तळाशी आल्यावर दोरा पेन्सिलीला अडेल आणि नट पेन्सिलीभोवती लहान वर्तुळात फिरायला बघेल. पेन्सिल वरच्या गाठीपासून किती खाली धरली तर पूर्ण फेरी होईल? नट 90 सेंटीमीटर उतरला, चालीचा वर्ग 18. लहान वर्तुळाला तळाशी पाच जीआर लागतात, म्हणजे 50 गुणिले लहान त्रिज्या बरोबर 18, त्रिज्या 36 सेंटीमीटर. पेन्सिल 54 वर. प्रत्यक्षात हवेचा आणि दोऱ्याचा थोडा अडथळा असतो, म्हणून 60 वर धर. मग 45 वर धरून बघ: नट वर चढेल, दोरा सैल पडेल, आणि वर सांगितलेली सगळी कथा तुझ्या डोळ्यांसमोर घडेल. पेन्सिलीला दोरा अडतो त्या क्षणी नटची चाल बदलत नाही, पण त्रिज्या एकदम कमी होते, म्हणून ताण उडी मारतो. पेन्सिल 54 वर असताना तो वजनाच्या तिप्पटवरून थेट सहापट होतो. दोरा कच्चा असेल तर तिथेच तुटेल, तेव्हा डोळे सांभाळ आणि घरात लहान भावंडं असतील तर त्यांना लांब बसव.

हे जमलं की दादाला एक गणित घाल. उतरणीवरून येऊन गोल रुळावर पूर्ण फेरी मारायची असेल तर घर्षणाशिवाय घसरणारी वस्तू रुळाच्या तळापासून त्रिज्येच्या अडीचपट उंचीवरून सोडावी लागते, हे त्याला तोंडपाठ असेल. त्याला विचार, वस्तू न घसरता नुसती घरंगळणारी भरीव गोटी असेल, आणि तिचा आकार रुळापेक्षा फारच लहान असेल, तर उंची किती? गोटीला स्वतःभोवती फिरायलाही ऊर्जेतला वाटा लागतो, पण वरच्या टोकाची अट तीच राहते. उत्तर 2.7 पट येतं. तुझ्या पुस्तकात याच पहिल्या धड्यात पुढे घरंगळणाऱ्या वस्तूंची गतिज ऊर्जा दिली आहे, तेवढी वापरलीस तर तुलाही जमेल. अडलंस तर पुन्हा लिही, पण नुसतं उत्तर पाठवू नकोस. मांडणी पूर्ण पाठव, एफबीडीसकट.